नऊ पॉइंट आठ

बाहेरून आलेले परीक्षक हुद्दार सर यांनी शलाकाचं जर्नल टेबलावर आपटलं. ते दोन फूट उसळलं आणि सावकाश खाली येऊ लागलं. त्याची वाट न बघता सर ओरडले, “दोन पॉइंट एक? गुरुत्वाकर्षण तुझ्या घरचं आहे का गं?”

“सर, लंबकाचे पन्नास झोके तीनदा मोजलेत. हल्ली तेवढंच येतं.”

“उत्तर आधी लिहायचं, मग रीडिंग जुळवायचं. तुझ्या सरांनीही तेच केलं होतं, विचार हवं तर.”

शेजारी बसलेले तिचे सर वडा खात होते. त्यांनी मान खाली घातली.

“केप्लरला मंगळाच्या कक्षेत फक्त आठ कलांचा, म्हणजे जेमतेम अंशाच्या आठव्या भागाएवढा, फरक सापडला होता,” शलाका म्हणाली. “तो त्यानं जुळवून टाकला असता, तर आपण अजून ग्रहांना वर्तुळातच फिरवत बसलो असतो.”

“त्याला बाहेरचा परीक्षक नव्हता. खोड ते. नऊ पॉइंट आठ लिही, नाहीतर नापास. मग इंजिनिअरिंगला कोण घेतं बघू.”

“मग तुमच्या कमरेला वाळूची पिशवी कशाला, सर?”

“ती पाठदुखीसाठी आहे.”

शलाकानं पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. हुद्दार सरांनी लाल शाईनं मोठं शून्य काढलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. त्याचं उत्तर बरोबर नऊ पॉइंट आठ होतं. वीसपैकी वीस देऊन सरांनी त्याची पाठ थोपटली.

त्याच्या दोऱ्याला गोळाच बांधलेला नव्हता.