गेस्टचं खातं

"काका, ही गेस्ट कोण?"

टेपकाकांनी पडद्याकडे न बघता पंख्याकडे बघितलं. "असेल क्लबातलं कुणी."

"क्लबात सगळे म्हातारे पुरुष. आणि ही लिहिते, आज दमले, बसते जरा."

"तू कशाला वाचत बसलीस ते?"

लेक पुढचं पान वाचू लागली. बाबा जाऊन महिना होत आला होता आणि त्यांच्या खोलीत वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

बाबांनी आयुष्यभर ज्या कॉम्प्युटरवर नोकरी केली तो हॉलएवढा होता. टेपकाका त्याच्या टेपा चढवायचे, लग्नाआधी आई शेजारच्या खोलीत कार्डं पंच करायची. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. निवृत्तीनंतर बाबांनी त्याची जुनी प्रणाली टेबलाखालच्या एका डब्यात पुन्हा चालू केली. डबा आजकालचाच, पण त्या जुन्या धुडाचं सोंग बेमालूम वठवायचा. जुन्या कॉम्प्युटरांच्या हौशी क्लबातले लोक घरबसल्या, आपापल्या खात्याने त्यात येऊन लिहायचे. प्रणालीला नवं शतक ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्यातलं साल मागे ठेवलं होतं. तिथे बाबा अजून नोकरीत होते.

ही प्रणाली फक्त इंग्रजीची मोठी अक्षरं ओळखायची. त्यामुळे मराठीही त्याच अक्षरांत, सगळं ओरडून बोलल्यासारखं. बाबांनी तिथे गेस्टला रोज दुपारी ओरडून विचारलं होतं, जेवलीस का?

लेकीला त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. तिचा फोन आला की "बरी आहेस ना? थांब," म्हणायचे आणि फोन टेबलावर ठेवून द्यायचे. हाक मारायचे नाहीत. आई यायची आणि उचलायची. लेक नववीत असताना त्या दोघांचं काहीतरी बिनसलं, तेव्हापासून घरात असंच चाललं होतं. "तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय." "तुझ्या आईला सांग, मी बाहेर चाललोय." ती नोकरीसाठी दूर गेल्यावर तेवढंही उरलं नाही. बाबा मुळातच अबोल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आणि इथे हा माणूस पानंच्या पानं बोलत होता. नव्या चपला चावतात. शेजारचा रेडिओ फार मोठा लावतो. मग एके दिवशी, 'लेकीचा फोन आला होता. आवाज खोल वाटला. विचारावं म्हटलं, जमलं नाही.'

गेस्टचं उत्तर होतं, 'विचारायला हवं होतंत.'

ती ओळ तिने किती वेळा वाचली कोण जाणे. तिचा आवाज खोल गेल्याचं बाबांना कळलं होतं, आणि ते त्यांनी एका परक्या बाईला सांगितलं होतं.

"बाबा गेल्याचं हिला माहीत आहे?"

"आहे."

"तरी रोज लिहिते?"

"लिहू दे ना. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? काका, आईला ठाऊक आहे का हे?"

टेपकाकांनी बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. "तिच्यापाशी हा विषय काढू नकोस. मी तुझ्या बाबांना शब्द दिलाय. याहून जास्त विचारशील तर मी चहासुद्धा न घेता जाईन."

चहा मात्र घेतला. मग त्यांनी तिला काम दाखवलं. उद्या ते सगळ्याची कॉपी करून क्लबात नेणार होते. त्याआधी ट्रायलची फालतू खाती काढायची होती.

"या जुन्या प्रकारात पुसलेलं लगेच जात नाही. नाव जातं, मजकूर तिथेच पडून राहतो. पण ही जागा आवळायची आज्ञा दिलीस, की मग ब्रह्मदेव आला तरी परत मिळत नाही. तेव्हा बघून. आणि गेस्टला हात लावू नकोस."

"बरं."

जेवणं झाली. आई नेहमीप्रमाणे दार लोटून पडायला गेली. लेक बाबांच्या खुर्चीत बसली. ट्रायलची खाती एकेक करून काढली. हात बसला.

पडद्यावर ओळ उमटली. गेस्ट आली होती.

'आज उशीर झाला. घरात माणसं होती.'

म्हणजे संसारी बाई. घरच्यांची नजर चुकवून येणारी.

'झोप लागत नाही.'

लेकीने ओठ आवळले. तिलाही लागत नव्हती. ती कुणाला सांगत बसली होती?

'पोर सुकलीय हो. जेवताना बघवत नाही.'

ती खुर्चीत ताठ झाली. म्हणजे ही बाई इथे येऊन गेली होती. भेटायला आलेल्यांच्या गर्दीत बसली होती, तिला जेवताना निरखून गेली होती. कदाचित आईच्या हातचा चहासुद्धा पिऊन गेली असेल, आणि आईने तिला दारापर्यंत सोडलं असेल. बाबा गेले ते गेले, आता आईच्या घरात बसून ही त्यांच्याशी आईच्याच पोरीबद्दल बोलणार होती.

'तुम्ही असतात तर,' एवढंच पुढे उमटलं.

लेकीने गेस्टला मध्येच तोडलं. मग खातं काढलं. मग दोघांचं सगळं बोलणं, पहिल्या 'जेवलीस का'पासून. प्रणालीने नक्की का म्हणून विचारलं. तिने हो म्हटलं. मग जागा आवळायची आज्ञा दिली आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. पडद्यावर आकडे पळाले. काम पूर्ण, असं आलं.

कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. निदान आईला तरी आता हे कधी कळणार नव्हतं.

बेडरूमचं दार उघडलं. आई उंबऱ्यात उभी होती, चष्मा लावलेला, हातात टॅब.

"अगं, तुझ्या बाबांचं मशीन बघ ना जरा," ती म्हणाली. "मी लिहीत होते, मधेच मला बाहेर काढलंन्. आता आतच घेत नाहीये."