कच्ची पाठ

मदिहानं बिजलीला शिंगरू असल्यापासून वाढवलं. चार वर्षांत मदिहा उंच, जाडजूड झाली. बिजली लहानखुरीच राहिली. तरी मदिहा हौसेनं तिच्यावर बसायची. परवा तिच्या वजनानं घोडी गुडघ्यांवर कोसळली, तेव्हा कुठं तिनं विकायचं ठरवलं.

तामलवाडीचे राजपालकाका धाकट्या लेकीला, पौर्णिमाला घेऊन घोडी बघायला आले. आल्याआल्या पोर घोडीवर चढून बसली.

"एवढी गुणाची घोडी इकतीस कशापायी, बेटा?" काकांनी विचारलं.

'मी जड झाले' हे चारचौघांत सांगायची मदिहाला लाज वाटली.

"पाठ कच्ची हाय तिची."

पौर्णिमा लगेच खाली उतरली. "बाबा, तरी घ्या हिला. मी कधीच बसणार न्हाय, नुसती संगं फिरंन."


काकांनी पैसे मोजले. मदिहानं खाली मान घालून लगाम पौर्णिमाच्या हातात दिला. खरं तेव्हाही सांगितलं नाही.