मनालीवर राज्य

आईच्या यकृताचा तुकडा मनालीला बसवून तीन वर्षं झाली होती. परळच्या हॉस्पिटलात नेहमीच्या तपासणीला डॉक्टरीणबाई विचारत होत्या. पोट दुखतं का? नाही. शाळेत जातेस? रोज. तिची आई, वैशाली, प्रत्येक उत्तराला खुशीत मान डोलवत होती.

"आणि खेळतेस का गं?"

"खेळते. पण मी लिंबूटिंबू. मला कोणी आउटच करत नाही."

वैशालीने मान खाली घातली. ऑपरेशननंतर वरळीच्या बीडीडी चाळीत दारोदार फिरून तिनेच पोरांना बजावलं होतं, "माझ्या मनूला कोणी हात लावायचा नाही."

त्या संध्याकाळी चाळीसमोर पकडापकडी रंगली, तेव्हा वैशाली ओढणी कमरेला बांधून खाली उतरली. पळणाऱ्या मनालीच्या मागे धावली आणि तिच्या पाठीवर हात मारून ओरडली, "आउट! मनूवर राज्य!"

सगळी पोरं जागच्या जागी थांबली. कोणी मनालीकडे बघत होतं, कोणी तिच्या आईकडे.

मनाली धापा टाकत म्हणाली, "आता पळा ना रे माझ्यापासून!"