दहाव्यांदा पडलेलं खोकं

मालाचं खोकं किती टिकतं ते तपासायला ते मशीनवरून दहा वेळा पाडायचं, असा आमच्या चाचणीचा नियम. आत वाळूच्या पिशव्या भरल्या. पोकळी उरली, तिथे आईची जुनी शाल कोंबली.

नऊ वेळा पाडून झालं. एक कोपराही दबला नाही. मी भजन गुणगुणत तसं लिहून ठेवलं.

"बुवा, भजन संपलं की सांगा, शेवटचं सोडतो," मशीनवरचा सोबती हसला.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, आईला काय होतंय रे? सकाळपासून पडतेय. कधी डोक्यावर, कधी कुशीवर. गादीवर नीट निजवलं, तरी पडली! नऊ वेळा झालं."

"देवा! थांब, सोडू नकोस!" मी सोबत्यावर ओरडलो.

तोवर त्याने बटण दाबलं होतं. खोकं माझ्या पायांपुढे आदळलं, पण आवाज झाला नाही.

आवाज फोनमधून आला.