किती वेळ टिकंल?

“किती वेळ टिकंल?” बकऱ्याचा वाळवलेला कान उजेडाकडं धरत आण्णांनी विचारलं.

“कान? चहा पिऊन होईस्तवर,” साक्षी म्हणाली.

“आणि हा कोंबडीचा पाय?”

“चहाला उकळी फुटायच्या आत खलास.”

आण्णांनी दोन्ही खाली ठेवलं. कसबा बावड्यातल्या साक्षीच्या त्या बारक्या दुकानात येणारी माणसं भाव विचारायची, वास घ्यायची, नाक मुरडायची. वेळ फक्त आण्णा विचारायचे. कारण मोना त्यांच्या कट्ट्यावर बसायची ती तोंडातलं संपेपर्यंतच. संपलं की पाहुण्यासारखी उठायची. पाहुणे निदान ‘येतो’ तरी म्हणतात.

मोना त्यांची नव्हती. एका दुपारी शेजारच्या शालूबाईंच्या कुंपणातून आली होती. पांढरी, मांजराएवढी कुत्री, गळ्यात घुंगरू, तोंडात वाळक्या कानाचा तुकडा. मोना हे नावसुद्धा आण्णांनीच ठेवलेलं. त्यांनी रविवारच्या मटणातली नळी तिच्यापुढं ठेवली. कोल्हापुरात नळीला नको म्हणणारा जीव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मोनानं नळी हुंगली आणि चेअरमननं बिनवशिल्याच्या अर्जाकडं बघावं तसं बघून मान फिरवली. दुसऱ्या दिवशी आण्णा तिच्या तोंडातून पडलेला तो कानाचा तुकडा रुमालात बांधून “असलं कुठं मिळतं?” विचारत फिरले आणि साक्षीच्या दुकानात पोचले. या गावात कुत्र्याचं खाणं विकत घ्यावं लागतं हे ऐकून ते आधी पोट धरून हसले. मग घेतलं.

बायको गेल्यापासून घरात आवाज उरला होता तो फ्रीजचा. पुण्याहून यशराज, त्यांचा मुलगा, व्हिडिओ कॉल करायचा. कुत्रं पाळू का, असं आण्णांनी त्याला एकदा विचारून बघितलं होतं. “आण्णा, तुमच्या मागं त्याला कोण सांभाळणार?” यशराज म्हणाला. प्रश्न रास्त होता. खुद्द आण्णांना कोण सांभाळणार, हा विषय निघायच्या आत रेंज गेली.

म्हणून ही उसनी मोना. दुसऱ्याचं कुत्रं आपण खाऊ घालून फितवतोय, हे आण्णांना टोचायचं. कुंपणापलीकडं शालूबाई दिसल्या की ते पेपर तोंडापुढं धरायचे.

“हे बघा,” साक्षीनं एक पिवळट कांडी काढली. “हिमालयातल्या याक गाईच्या दुधाची. दगडागत घट्ट. ती डाव्या दाढेनं चावती न्हवं, मग दमानं झिजंल. कांडी तोंडापेक्षा मोठीच पायजे. झिजून बारकी झाली की काढून घ्यायची, न्हायतर गिळती आणि घशात बसती. आणि शिजवलेलं हाड तर दावायचंसुदीक न्हाय. चिरतं ते, टोचतं आतनं.”

मोना डाव्या दाढेनं चावते हे आपण कधी सांगितलं, ते आण्णांना आठवेना. एकटा माणूस दुकानात काय काय बोलून जातो. पोरगी ध्यानात ठेवते, याचंच त्यांना बरं वाटलं.

“ही किती टिकंल?”

“दिवे लागायपतोर.”

“आणि दिवे लागल्यावर?”

“तवा कुत्र्यानं घरला जायचं असतंय, आण्णा.”

तिथंच तर घोडं अडलं होतं. गल्लीतले दिवे लागले की मोना निघायची, आणि दिवे लागल्यानंतरच घर फार मोठं व्हायचं.

“घरात भरपूर असलं तर थांबंल का गं ती? वासानं?”

“कुणी सांगावं? अख्खा खोकाच न्या की. महिनाभर बघायला नको.”

आण्णांनी खोका उचलला. काउंटरखाली त्यांना एक छोटी गोधडी दिसली, शेजारी पाण्याची वाटी.

“हे पण दे. रात्रीला लागंल.”

साक्षीनं पायानंच गोधडी आत सरकवली. “ते विकायचं न्हाय, आण्णा. जुनं हाय.”

दुपारी मोना आली. कांडी खरंच टिकली. आण्णांनी तिला गुडघ्याचं दुखणं सांगितलं, यशराजचं लहानपण सांगितलं, पेपर वाचून दाखवला. निधनवार्तांपर्यंत आले तेव्हा कांडी बोटाच्या पेराएवढी झाली होती. आण्णांनी ती नियमाप्रमाणं काढून घेतली आणि अख्खा खोका तिच्यापुढं उघडला.

गल्लीतले दिवे लागले. मोना उठली, घुंगरू वाजलं, कुंपणात गेली.

फितवणं बास, आण्णांनी ठरवलं. शालूबाईंकडनं रीतसर मागून घ्यायची. ते तिच्या मागोमाग कुंपणाशी गेले.

“शालूबाई, एक मागायचं हुतं. तुमचं कुत्रं...”

“माझं?” अळूला पाणी घालणाऱ्या शालूबाईंनी पाइप खाली टाकला. “अवो, मला वाटलं तुमचं! माझ्या अळूतनं पायवाट पाडलीया तिनं. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून दातावर दात ठिऊन गप हाय मी!”

आण्णा त्यांना चक्क हात जोडून निघाले. कुणाचीच नाही! ते अनवाणीच घुंगराच्या मागं धावले. उसाच्या ट्रॉलीमागनं, दूध डेरीवरनं. मोना सरळ साक्षीच्या दुकानापाशी गेली आणि अर्ध्या ओढलेल्या शटरखालनं आत शिरली.

आण्णांना हसू फुटलं. बेरकी कुठली, दुकान हुडकून काढलं! बरंच झालं. साक्षीला सांगायचं, आता ही माझी, एक चांगला पट्टा दे. धाप आवरत ते शटरखाली वाकले.

आत गोधडी अंथरलेली होती. साक्षी मोनाच्या गळ्यातलं घुंगरू सोडत होती.

“दमलीस व्हय?” ती मोनाचं कपाळ खाजवत म्हणाली. “शहाणी माझी. आण्णांनी खोका नेला. आता महिनाभर तिकडं फिरकायचं न्हाय. उद्या कान देऊन तुला दुसऱ्या गल्लीत सोडते.”