बदललेल्या पट्ट्या

आरोग्यसेविका रेवती दारातूनच हळू आवाजात म्हणाली, “नलूकाकू, तुमच्या मनगटावरच्या पट्टीने सकाळी केंद्राला कळवलं, की तुम्हाला जगणं नकोसं झालंय. असं काही मनात येतंय का?”

“मला? अगं, मी चकल्या तळतेय!” नलूकाकू हसल्या. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

मृण्मयीसाठी स्थळं येत होती. पत्रिकेबरोबर हल्ली मुलाकडचे पट्टीतली मनःस्थितीची नोंदही मागत. लेक महिनाभर गप्प गप्प होती, म्हणून ती आंघोळीला गेली असताना नलूकाकूंनी दोघींच्या पट्ट्या गुपचूप बदलल्या होत्या.

“माझी पट्टी मृण्मयीच्या हातात आहे,” त्या मान खाली घालून म्हणाल्या. “मीच बदलली. नोंद चांगली दिसावी म्हणून.”

रेवती चपला काढून तडक आत गेली. मृण्मयी पलंगावर बसून होती.

“आईला बरं नाही का?” तिने घाबरून विचारलं.

“बरं तुला नाहीये, बाळा,” नलूकाकू तिच्यापाशी बसल्या. “आणि मी ते लोकांपासून लपवलं. तुला साधं विचारलंही नाही.”

“सकाळपासून वाट बघत होते गं,” मृण्मयी म्हणाली, “कुणीतरी विचारेल म्हणून.”