पेशन्सचा दगड

जेथ्रो नावाडी चिठ्ठी हातात घेऊन केव्हाचा उभा होता, आणि जूनो त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मालकाच्या चिठ्ठीशिवाय गुलामाला होडीत घ्यायचं नाही, असा कायदा. आणि ही चिठ्ठी मालकाची नव्हतीच! तिच्या नवऱ्याने, क्वाकोने, ती आज पहाटे स्वतःच लिहिली होती.

"अरे, मालकासारखं खरड की जरा!" जूनो तेव्हाच म्हणाली होती. "त्याचं अक्षर म्हणजे चिखलात नाचलेली कोंबडी."

पण क्वाको पडला थडग्यांचे दगड कोरणारा. त्याच्यासारखं अक्षर अख्ख्या न्यूपोर्ट गावात कुणाचं नव्हतं. वाकडं काढायला गेला की त्याचा हातच अडायचा.

"काय रे," जेथ्रोने विचारलं, "काय लिहिलंय यात?"

म्हणजे याला वाचताच येत नाही! जूनोला हसूच फुटणार होतं. पलीकडचा किनारा एकदम जवळ आल्यासारखा वाटला, तिथल्या मेंढ्यासुद्धा दिसत होत्या.

"मला काय ठाऊक, साहेब," क्वाको भोळा चेहरा करून म्हणाला. "धनी म्हणाले, दाखव आणि जा."

जेथ्रो हलला नाही. त्याचं जाडंभरडं बोट कागदावरून फिरू लागलं. एका अक्षरापाशी थांबलं आणि त्याच्या शेपटीवरून सावकाश वळत खाली उतरलं. वाट पाठ असल्यासारखं.

"या शेपटीला मी रोज हात लावतो," तो म्हणाला. "माझ्या पेशन्सच्या दगडावर आहे ही. वाचता येत नाही, म्हणून बायकोचं नाव बोटानेच बघतो." त्याने मान वर केली. डोळे भरून आले होते. "तो दगड तू कोरलास."

नाही म्हण, नाही म्हण! जूनो मनातल्या मनात ओरडत होती. पण क्वाकोचा चेहरा, देवा, क्षणभर चक्क उजळला! आजवर त्याचं काम कुणी असं ओळखलंच नव्हतं.

"चांगला दगड होता, साहेब," तो हळूच म्हणाला.

"फार चांगला," म्हणत जेथ्रोने त्याचं मनगट पकडलं आणि टेकाडावरच्या खानावळीकडे तोंड करून बोंब ठोकली, "धावा रे! गुलाम पळालेत, गुलाम!"

जूनोने त्या हाताचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं, पण पकड सुटली नाही. उतारावरून माणसं धावत सुटली.

जेथ्रो रडतच होता.

"पळणाऱ्यांना पार उसाच्या बेटांवर नेऊन विकतात रे," तो क्वाकोला म्हणाला, अगदी तक्रार केल्यासारखा. "पेशन्सच्या नावाखाली माझ्यासाठी जागा सोडलीयस तू. आता माझं नाव कोण कोरणार?"